भिंगरीचे नऊ सामने

४ जानेवारी, रविवार

वही नवी आहे. पहिल्याच पानावर खाडाखोड नको, म्हणून हे आधी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि मग इथे उतरवलं. पुढची पानं थेट लिहीन. निदान तसा विचार आहे.

आज सलूनमध्ये काच कारखान्याच्या हॉकी संघाच्या चाहत्यांची बैठक झाली. यंदा संघाला साठ वर्षं होतात. मैदानाची पूर्वेकडची भिंत नवी बांधली आहे. तिच्यावर आजवरचे अकरा सर्वश्रेष्ठ खेळाडू क्रमाने लिहायचं ठरलं. लिहिणार मी. पाट्या रंगवणं हाच माझा धंदा. सातवीनंतर शाळा सुटली, अक्षर सुटलं नाही. पण भिंतीवर लिहायची मला भीती वाटते. कागदावरची चूक खोडता येते. भिंतीवरची खोडली तरी डाग राहतो, आणि लोक डागच वाचतात.

आमच्या संघात खऱ्या नावाला कोणी विचारत नाही. नाव मैदानावर पडतं, आणि ते प्रेक्षकांनीच पाडावं लागतं. तोफ, तटबंदी, कात्री अशी सगळी नावं. भिंतीवरही हीच लिहायची. पहिला कोण यावर वादच नव्हता. भिंगरी. दहा नंबर. सलूनवाले म्हणाले, "एक भिंगरी, मग दोन माणसांची जागा मोकळी, मग बाकीचे."

मी भिंगरीला खेळताना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीची गोष्ट. पण हे लोक बोलायला लागले की मला तोंड मिटायचं भान राहत नाही. सलूनवाल्यांना त्याचे सगळे गोल तारखेनिशी पाठ आहेत. कोणाची दाढी अर्धी ठेवून ते गोल सांगतात आणि गिऱ्हाईकही साबण वाळेपर्यंत ऐकत बसतं. आज म्हणाले, "भिंगरीचं नवल काय, तर तो दोन प्रकारे खेळायचा. एरवी गरगर फिरायचा, तिघांना चकवायचा. पण एखाद्या दिवशी असा उभा राहायचा की वाटावं, झोपलाय. आणि चेंडू आला की समोरचा हलायच्या आत गोल."

"एका देहात दोन खेळाडू," मास्तर म्हणाले. मास्तर मला सहावीत शिकवायला होते. संघाच्या सगळ्या गुणवह्या त्यांच्याकडे आहेत. त्यांनी अट घातली की नुसत्या आठवणीवर क्रम लावायचा नाही. गोल, अडवलेले गोल, जिंकलेले सामने, सगळ्याला गुण द्यायचे. ज्याची खात्री नाही, ते धरायचं नाही. आणि पन्नास सामन्यांच्या आतला खेळाडू विचारात घ्यायचा नाही. गुणवह्या उतरवून काढायचं काम माझ्यावर आलं.

"चुकलास तर?" कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं. त्या आता निवृत्त आहेत, पण जीभ अजून कामावर आहे.

मी म्हणालो, तीनदा तपासून बघेन.

"मग चौथ्यांदा चुकशील," त्या म्हणाल्या.

७ जानेवारी, बुधवार

गुणवह्या घरी आणल्या. आत्याने विचारलं, काय हे ओझं? मी सांगितलं. तिने पिठाचा डबा जरा जोरात बंद केला. हॉकीचं नाव काढलं की तिचं असंच होतं. एवढी वर्षं मी या घरात आहे, सहा वर्षांचा असल्यापासून, पण तिला या खेळाचा इतका राग का, हे कधी कळलं नाही.

आतोबा खिडकीपाशी बसले होते. तीस वर्षं भट्टीवर काच फुंकली. त्या लाल उजेडाने डोळे खाल्ले. आता त्यांना माणसाची सावली तेवढी दिसते. मी मोठ्याने आकडे वाचत होतो, ते ऐकत होते. मध्येच माझ्या कोपराने पेला टेबलावरून ढकलला. तो जमिनीवर पडून घरंगळला आणि आतोबांनी पाय पुढे केला. पेला त्यांच्या पावलाला टेकून थांबला. पायावर आपटलाही नाही, उडालाही नाही. जणू आधीपासून तिथेच ठेवला होता.

"दिसला तुम्हाला?" मी विचारलं.

"ऐकला," ते म्हणाले.

योगायोग असणार. पण मी तो पेला उचलायच्या आधी थोडा वेळ बघत राहिलो.

११ जानेवारी, रविवार

गुणांची बेरीज झाली. भिंगरी २१२. तोफ १९०. तटबंदी १८८. कात्री १८५. बाकीचे खाली. तीनदा केली. मग सिस्टरचं बोलणं आठवलं म्हणून चौथ्यांदाही केली.

शहाण्णव सामने, एकाहत्तर गोल. मी आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे पाहत बसलो. आठ तास भट्टीपुढे काढून मग हा माणूस मैदानावर धावायचा. भट्टीवाले बांधतात तसं ओलं फडकं डोक्यावरून, कानांवरून हनुवटीखाली बांधलेलं. फोटोत नाक आणि डोळे तेवढे दिसतात.

मास्तरांचं आता नवीन. अकराही जण खरोखर कारखान्याच्या कामावर होते ना, हे पाळीपुस्तकात बघून ये म्हणाले.

१३ जानेवारी, मंगळवार

कारखान्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने धूळ झटकून पाळीपुस्तकं दिली. अकराही नावं सापडली. तिथेच उठायला हवं होतं. पण माझा स्वभाव नडला. पुस्तक समोर आहेच, तर भिंगरीच्या सामन्यांच्या तारखा पाळ्यांशी ताडून बघू म्हटलं.

शहाण्णवपैकी सत्त्याऐंशी जुळल्या. नऊ जुळत नाहीत.

त्या नऊ दिवशी सामन्याच्या वेळेला भिंगरी भट्टीवर हजर आहे. नुसता हजर नाही, किती बाटल्या फुंकल्या तोही आकडा आहे. आणि त्याच वेळी गुणवहीत तो मैदानावर आहे. नऊ सामने, चौदा गोल. त्यात चषकाचा अंतिम सामनाही आला. शेवटच्या मिनिटाचा गोल, ज्याबद्दल सलूनवाले बोलतात तेव्हा वस्तरा खाली ठेवतात.

माणूस एका वेळी दोन ठिकाणी असत नाही. म्हणजे एक पुस्तक खोटं. कुठलं? मी तारखा पुन्हा उतरवल्या, पुन्हा तेच.

१४ जानेवारी, बुधवार

आतोबांना विचारलं. भट्टीचं त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हटलं, पाळीवर हजेरी लावून माणूस मधूनच खेळायला जाऊ शकायचा का?

"भट्टी सोडून? छे. भट्टीच्या एका तोंडाशी दोन माणसं, आळीपाळीने. एक उठला की दुसरा बसलाच पाहिजे. काच कोणासाठी थांबत नाही."

"मग हे नऊ सामने?"

"कुठले नऊ?"

मी वाचायला लागलो. तारीख आणि समोरचा संघ. तिसऱ्या तारखेला ते म्हणाले, "त्या दिवशी मैदानात चिखल होता." पाचव्याला म्हणाले, "तीन-एक." मी वहीत पाहिलं, तीन-एकच होतं. म्हटलं, तुम्ही बघायला जायचात?

"जवळून पाहिलेत," ते म्हणाले.

मी माझी अडचण सांगितली. मास्तरांचा नियम आहे की खात्री नसेल ते धरायचं नाही. हे नऊ काढले तर भिंगरी १८१वर येतो, म्हणजे चौथा.

आतोबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "काढ. खात्री नाही ना? काढून टाक."

आत्या एकदम उठून आत गेली. मला वाटलं, भाजी लागली असेल. पण वास काही आला नाही.

मी पट्टी ठेवून नऊ ओळी खोडल्या.

१८ जानेवारी, रविवार

यादी वाचून दाखवली. भिंगरी चौथा म्हटल्यावर सलूनवाल्यांनी पंखा बंद केला.

"पेंटर," सलूनवाले सावकाश म्हणाले, "खुर्चीवर बस. तुझं डोकं तपासू दे. हात धुऊन आलोय मी."

"अंतिम सामनाही काढलास?" कोणीतरी मागून म्हणालं. "मग आम्ही त्या दिवशी कोणाला खांद्यावर घेतलं होतं? तुझ्या आजोबांना?"

मी पाळीपुस्तकाची नक्कल पुढे केली. मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला. म्हणाले, "नियम मीच केला. पुरावा बरोबर आहे." त्यांचा चेहरा मात्र घरातलं कोणी गेल्यासारखा झाला होता.

सलूनवाल्यांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी खुद्द भिंगरीच येणार आहे. मुलाकडे राहतो, चार तासांचा प्रवास करून येतोय. "त्याच्या तोंडावर वाच हो ही यादी. मी तेव्हा बाहेर उभा राहीन, मला बघवणार नाही."

सिस्टर इतका वेळ गप्प होत्या, म्हणजे नवलच. जाताना मला म्हणाल्या, "ते नऊ दिवस मला लिहून दे. आणि उद्या घरी ये."

१९ जानेवारी, सोमवार

सिस्टरनी मला समोर बसवलं आणि तारखांच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"अंतिम सामन्याच्या दोन महिने आधी भिंगरीची हनुवटी फुटली. आठ टाके घातले मी. अजूनही खूण असेल बघ. अंतिम सामना संपल्यावर दहा नंबर माझ्याकडे आला, हाताच्या तळव्यात काच घुसली होती. आपलं मैदान, तिथे काचेचा चुरा कायमचाच. मी म्हटलं, फडकं सोड, तोंडावर पाणी मारू. त्याने सोडलं. हनुवटी कोरी."

मला कळायला वेळ लागला. मी विचारलं, खूण पुसली गेली होती का?

"अरे माझ्या शहाण्या, दोन महिन्यांत आठ टाक्यांची खूण पुसत नाही. माणूसच दुसरा होता. स्पर्धेत नावं सोळाच नोंदवता यायची. भट्टीवाल्या दोघांना एकदम सुट्टी मिळेना, म्हणून एकाच नावावर दोघं खेळायचे. ज्याची पाळी नसेल तो. संघाला माहीत होतं, मला कळलं, बाकी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. बाहेर फुटलं असतं तर संघच बाद झाला असता."

"दुसरा कोण?"

इंजेक्शनच्या आधी पाहत असतील तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डावा तळवा. सात टाके, इंग्रजी सातच्या आकड्यासारखे वाकडे, कारण माझं लक्ष त्याच्या हनुवटीवर होतं. घरी जा आणि बघ."

घरी गेलो. आतोबा खिडकीपाशी होते. डावा हात मांडीवर उताणा. ती खूण मी सहा वर्षांचा असल्यापासून पाहतो आहे. या हाताने मला रस्ता ओलांडायला शिकवलं. मी समजत होतो, भट्टीवर भाजलं असेल.

टाके मोजले. सात.

"काय बघतोस?" ते म्हणाले. माझी सावली अंगावर पडली असणार.

ज्या माणसाच्या गोलाबद्दल ऐकताना लोकांच्या दाढीचा साबण वाळतो, तो माणूस रोज सकाळी मला हाक मारून विचारतो, माझी चप्पल कुठे आहे. आणि त्याचे नऊच्या नऊ सामने मी पट्टी ठेवून खोडले.

शेवटी एवढंच म्हणालो, "मला का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही."

"मी उद्याच सगळ्यांना सांगतो."

"नाही सांगायचं. शब्द दोघांनी दिलाय. मोडायचा तर दोघांनी मिळून मोडायला हवा."

आत्या दारात उभी होती. "यांचा शब्द," ती म्हणाली. "संध्याकाळी लोक त्या भिंगरीला खांद्यावर घेऊन आमच्या दारावरून गेले. हे हाताला पट्टी बांधून आत बसले होते, आणि मी खिडकी लावून घेतली."

२२ जानेवारी, गुरुवार

चार दिवस पाटीचं काम नीट होत नाही. नऊ सामने भिंगरीला परत दिले तर भिंतीवर खोटं लिहिणार. नाही दिले तर आपल्या गावाला आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा भरल्या बैठकीत अपमान करणार. आणि खरं सांगायला तोंडाला कुलूप. यादीच्या दोन प्रती करून ठेवल्या आहेत, एकीत भिंगरी पहिला, दुसरीत चौथा. कुठली वाचायची ठरत नाही.

२५ जानेवारी, रविवार

भिंगरी आला. बारीक, वाकलेला, काठी हातात. सलून भरून माणसं रस्त्यावर उभी. त्याला खुर्चीत बसवलं, आणि सलूनवाल्यांनी न विचारताच त्याच्या गळ्यात पांढरं कापड अडकवलं. त्यांना दुसरा मान कसा द्यावा सुचलं नसेल. हनुवटीवर टाक्यांचे आठ व्रण होते. मी मोजले.

मी उभा राहिलो. दोन्ही प्रती खिशात. हाताला लागली ती काढली. चौथ्या क्रमांकाची निघाली.

वाचली. मला वाटलं आता काठी बसणार.

"नऊ सामने कमी धरलेत," भिंगरी म्हणाला.

"हो."

"चौदा गोल."

"हो."

"बरोबर आहे. ते माझे नव्हतेच." त्याने गळ्यातलं कापड सोडलं आणि नीट घडी घालून मांडीवर ठेवलं. "चाळीस वर्षं लोक त्या अंतिम सामन्यासाठी माझी पाठ थोपटतात. दर वेळी मला वाटतं, मागे वळून बघावं, नक्की कोणाची थोपटतायत. ज्याचे ते सामने, तो राहतो कुठे?"

माझ्याकडे बघायचं कोणाला सुचलं नसतं, पण सिस्टरनी बोट दाखवलंच.

सगळी वरात आमच्या घरी. आतोबा पायांच्या आवाजानेच उठून उभे राहिले. भिंगरी दारातच थांबला. मग भिंगरी म्हणाला, "मोडू या का?"

"तू चार तास आलास तो मोडायलाच," आतोबा म्हणाले. "मोड."

भिंगरीने सांगितलं. दाराबाहेर, जिन्यावर, रस्त्यावर माणसं उभी होती. पुढचा मागच्याला सांगत होता. "त्या दिवशी मला पाळी बदलून मिळाली नाही. मी भट्टीवर होतो. भिंतीपलीकडे मैदान. फुंकनळी तोंडाला, टोकाला तापलेली काच. आणि पलीकडे सगळे एकदम गप्प झाले. मला कळलं, हा उभा राहिलाय. हा उभा राहिला की लोक गप्प व्हायचे. मग ओरडा झाला. मी फुंकणं विसरलो. ती एक बाटली वाकडी झाली."

"किती वेळ उभे होतात हो?" सलूनवाल्यांनी आतोबांना विचारलं. आतोबांना त्यांनी 'हो' लावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ते आतोबांना 'पेंटरचे आतोबा' म्हणत आले.

"गोलरक्षक आधी हलेल तोवर," आतोबा म्हणाले. "तो घाबरला होता. घाबरलेला माणूस थांबू शकत नाही. मी थांबलो. मग चेंडू नुसता सोडून दिला."

मास्तरांनी चष्मा काढला. "या सामन्यात भिंगरीने स्वतःचा स्वभाव कसा जिंकला, यावर मी वर्षानुवर्षं पोरांकडून निबंध लिहून घेतला," ते म्हणाले.

मीही लिहिला होता. दहापैकी सहा मिळाले होते.

मग भांडण लागलं. भिंगरी म्हणे, मी चौथा, याला पहिला लिहा. आतोबा म्हणे, नऊ सामन्यांनी कोणी मोठा होत नाही, याचे यालाच परत द्या. मास्तरांनाही पन्नासची अट आठवली. कोणी म्हणालं, खोट्या नावावर जिंकलेला चषक परत मागतील.

"कोण मागणार?" सलूनवाले म्हणाले. "ती स्पर्धा बंद पडून पंचवीस वर्षं झाली. आणि न्यायचा तर नेऊ देत, त्याचा एक कान मोडलाय तोही शोधून न्यावा म्हणावं."

शेवटी आतोबा वैतागून म्हणाले, "अरे, जागा एक होती. तो उठला की मी बसायचो, मी उठलो की तो. भट्टीवर तेच, मैदानात तेच. बाटलीवर कधी फुंकणाऱ्याचं नाव असतं का?"

सिस्टर म्हणाल्या, "बाटलीवर नसतं. भिंतीवर लिहू. पण लिहायचं काय? याला नावच पडलेलं नाही."

खरंच होतं. दुसऱ्याच्या नावाने खेळलेल्या माणसाला प्रेक्षक नाव कुठून देणार? मग चाळीस वर्षं उशिरा ते काम आमच्या जिन्यावर सुरू झालं. खांब. लंगर. सुस्त्या. एकेक नाव वर यायचं आणि खाली जायचं. सलूनवाले डोळे मिटून उभे होते, तो गोल पुन्हा बघत असल्यासारखे. म्हणाले, "पाण्यात एका पायावर. हलत नाही, हलत नाही. आणि मासा चोचीत. बगळा."

"बगळा म्हणजे ढोंगी," सिस्टर म्हणाल्या.

"मग बरोबर आहे," आत्या आतून म्हणाली. "चाळीस वर्षं ढोंगच तर केलं." आणि ती हसली. हॉकीच्या बोलण्यात आत्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आतोबांना नाव आवडलं की नाही, मला कळलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठ्या टाकून मत घेतलं. पहिल्या क्रमांकावर एकाच ओळीत दोन नावं लिहायची का? तेहतीस मतं. मी चार वेळा मोजली. एकतीस हो, दोन नाही. एक 'नाही' मास्तरांचं, ते त्यांनी उभं राहून सांगितलं. "पन्नासचा नियम मी मोडणार नाही. पण भिंतीचा चुना मी स्वतः लावीन." दुसरं भिंगरीचं. टपालाने आलं. लिहिलं होतं, मी चौथाच.

ओळीत दोन नावं बसवायची म्हणजे अक्षरं लहान करावी लागतील, नाहीतर ओळ मोठी. मी ओळ मोठी करायची ठरवली आहे. भिंगरीची आणि बगळ्याची अक्षरं सारख्या उंचीची आली पाहिजेत. दोऱ्याने आखणार. भीती वाटतेच. पण या वेळची भीती चूक होण्याची नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या इतक्या जवळ मी कधी उभा राहिलो नव्हतो, त्याची आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भिंतीवर जायच्या तयारीत ब्रश धूत होतो. खालून रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली. आवाज ओळखीचा नव्हता, कोणी म्हातारा माणूस असावा, बघायला आलेला.

"बगळा राहतो ना इथे? आहे का घरात?"

आत्या हात पुसत दाराकडे निघाली, मीही उठलो. पण आमच्या आधी खिडकीतून आवाज गेला. आतोबांचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आहे. वर या."